पां. 2 अधिक : काकांच्या रेकॉर्डींच्या कामाच्या नोंदी

7 जून 2025, शनिवार

काम सुरू. काका म्हणजे वडिलांचे मित्र. वीज मंडळात सबस्टेशनला ऑपरेटर होते, जाऊन चार वर्षं झाली. शाहूपुरीतल्या घरी काकू एकट्या असतात. त्यांनी दोनदा निरोप धाडला होता, "बघून घे बाबा, न्हाईतर भंगारवाला टपलाय."

मोजणी केली. एलपी (व्हिनाइलच्या, मिनिटाला 33⅓ फेरे) 188, लाखेच्या 78 च्या (मिनिटाला 78 फेरे) 71, फुटलेल्या 6. एलपीत निम्म्याहून जास्त जॅझ. कोल्हापुरात सत्तरच्या दशकात एवढं जॅझ आलं कुठून? काकूंचा भाऊ बोटीवर होता. दर खेपेला बंदरातून चार-पाच आणायचा. उरलेलं मुंबईच्या चोरबाजारातलं.

2019 ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली तेव्हा खालची फळी पाण्यात होती. तिथल्या एलपींची कव्हरं गाळानं एकमेकांना चिकटलीत. व्हिनाइल तगलं. 78 च्या वरच्या फळीवर होत्या म्हणून वाचल्या, लाख भिजली असती तर काही राहिलं नसतं.

मंडळी चार. मी (राजारामपुरीत ॲम्प्लिफायर दुरुस्ती), मास्तर (शाळेत संगीत शिकवून निवृत्त, पेटी उत्तम), वकीलसाहेब (जॅझचं वेड यांनीच लावलं) आणि माझा भाचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. प्रत्येक रेकॉर्ड धुवायची, संगणकावर 24 बिट 96 किलोहर्ट्झला उतरवायची, कव्हर आणि लेबल स्कॅन करायचं, तक्त्यात नोंद करायची. गणपतीच्या आधी संपायला हवं. ऑगस्ट लागला की मंडळांचे ॲम्प्लिफायर दुकानात येऊन पडतात, मग मान वर करायला वेळ नसतो.

आतल्या कागदी पाकिटांच्या कोपऱ्यात पेन्सिलनं आकडे दिसतात. 48.8, 49.1 असे. किमती असणार. स्कॅन स्वच्छ यावा म्हणून भाच्याला खोडून टाकायला सांगितलं.

8 जून, रविवार

भाच्याला धुण्याचा नियम नीट समजावला. एलपीला पाण्यात थोडं अल्कोहोल चालतं, 78 ला थेंबसुद्धा नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, पॉलिशवाल्याला विचार. डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेनंच फिरवायचा, लेबल कोरडं. सुयाही दोन. एलपीची खाच बारीक, 78 ची तिच्या तिप्पट रुंद. एलपीची सुई 78 वर टेकवली तर ती खाचेच्या तळाला लोळते आणि नुसती खरखर येते.

दिवसभरात 19 रेकॉर्डी धुतल्या. गॅलरीत दोरीवर पाकिटं वाळत घातलेली बघून शेजारच्या बाईंनी विचारलं, "पापडाचं काय ह्ये?"

14 जून, शनिवार

वकीलसाहेब आले आणि पहिल्यांदा भडकले. "जुन्या मालकानं पाकिटावर जे लिहिलंय ते पुसायचं नसतं! किंमत असली तरी नाही." तोवर भाच्याची 22 पाकिटं खोडून झाली होती. चूक माझी, त्याची नाही. आता तक्त्यात 'किंमत' असा रकाना घातला, राहिलेले आकडे जसेच्या तसे उतरवतोय. आकड्याच्या आधी अक्षरं आहेत. 'पां. 4−', 'का. 1−', कुठे नुसतं 'पां. 5'. मास्तरांना अर्ध्या मिनिटात कळलं. पांढरी चार, काळी एक. काका प्रत्येक रेकॉर्डीची पट्टी लिहून ठेवायचे. पेटीवर सा धरायचा आणि लिहायचा. उणे चिन्ह म्हणजे सूर किंचित उतरलेला.

मास्तर म्हणाले, गायकाचं ठीक आहे, पण या सॅक्सोफोनवाल्यांची पट्टी कशाला?

आज उतरवलेल्यात डेव्ह ब्रुबेक क्वार्टेटची 'टाइम आउट', 1959 ची. 'टेक फाइव्ह' ऐकताना मास्तरांनी मांडीवर मात्रा मोजल्या. "पाचच आहेत. झपतालाच्या उलट, आधी तीन मग दोन." 'ब्लू राँडो'ला मात्र दोनदा अडखळले. नऊ मात्रा, पण 2-2-2-3 अशा. ब्रुबेकनं ती लय तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून घेतली, 1958 च्या दौऱ्यात. त्याच दौऱ्यात तो मुंबईत आला आणि अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर वाजवलं. मास्तरांना हे ठाऊक नव्हतं. ऐकल्यावर 'ब्लू राँडो' पुन्हा लावायला सांगितली.

'टेक फाइव्ह' ब्रुबेकची नाही, पॉल डेझमंडची. वकीलसाहेबांना त्यातलं मृत्युपत्र महत्त्वाचं. डेझमंडनं आपल्या रचनांची रॉयल्टी रेडक्रॉसला लिहून दिली. 1977 ला तो गेला तेव्हापासून पैसे जातायत. "असा एक तरी पक्षकार मिळावा," म्हणाले.

21 जून, शनिवार

पावसामुळे दोनदा लाइट गेली. फक्त 78.

खोका नं. 3. यात चिक चॉकलेट यांनी ट्रंपेट वाजवलेली सिनेमाची गाणी. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोव्याचे, त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. सी. रामचंद्रांच्या गाण्यांना जो झटका आहे त्यात यांचा वाटा मोठा. 'अलबेला' 1951 चा. आमच्या पिढीनं 'शोला जो भडके' वरातीच्या बँडवर ऐकलंय. मूळ तबकडीवर ट्रंपेटचा शेवटचा सूर कसा वर जाऊन थरथरतो ते बँडवाल्यांच्या गावीही नव्हतं.

त्याच खोक्यात केसरबाई केरकर आणि लुई आर्मस्ट्राँग एकाला एक लावून ठेवलेले. मास्तरांना वाटलं पुरानंतर गडबडीत आले असतील. वकीलसाहेब हसले. 1977 ला व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी गेली, तिच्यावर दोघंही आहेत. केसरबाईंची भैरवी 'जात कहाँ हो', आर्मस्ट्राँगचा 1927 चा 'मेलँकली ब्लूज'. व्हॉयेजर 1 पाच सप्टेंबरला सुटलं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारचे गवई. ते स्वतः ध्वनिमुद्रणाला कधी तयार झाले नाहीत. शिष्येचा आवाज मात्र सूर्यमालेच्या बाहेर. मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग चहा मागितला.

25 जून, बुधवार

भाच्याचा रात्री साडेअकराला फोन. "मामा, किंमत रकाना चढत्या क्रमानं लावला. सगळ्यात कमी 48.4, सगळ्यात जास्त 50.6. तीन मिनिटांची 78 आणि अमेरिकेची एलपी एकाच भावात कशी?" शिवाय काही पाकिटांवर एकाच रेकॉर्डीला तीन-तीन आकडे.

झोप उडाली. 48 ते 50 च्या दरम्यान काय असतं हे मला, रोज ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्या माणसाला, पहिल्या दिवशी कळायला हवं होतं.

28 जून, शनिवार

काकूंना विचारलं. "अरं, किंमत कुठली ती! संध्याकाळी रेकॉर्ड लावायच्या आधी ड्यूटीवर फोन करायचे. 'किती चाललंय रे?' एवढंच विचारायचे, लिहायचे, ठेवायचे. आमच्या घरी फोन त्याच्यासाठीच घेतलाय असं वाटायचं मला."

किती चाललंय म्हणजे फ्रिक्वेन्सी, वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते तो आकडा. ग्रीडची, म्हणजे सगळ्या वीजजाळ्याची.

सविस्तर लिहून ठेवतो. काकांचा प्लेअर पट्ट्याचा, सिंक्रोनस मोटारचा. असली मोटार व्होल्टेजकडे बघत नाही, फ्रिक्वेन्सीच्या तालावर फिरते. 50 हर्ट्झ असेल तर तबकडी 33⅓. ऐंशी-नव्वदच्या दशकात संध्याकाळी मागणी वाढली की ग्रीड 49 च्याही खाली यायची. 48.8 म्हणजे जवळपास अडीच टक्के हळू. गाणं तेवढंच हळू आणि सूर तेवढाच खाली. म्हणून 'पां. 4−, 48.8'. उणे चिन्हाचं कारण शेजारीच लिहिलेलं, आणि आम्ही त्याला रुपये समजत होतो.

आता स्ट्रोब. वेग तपासायची जी रेघांची चकती असते, तिच्यावर 50 हर्ट्झसाठी 33⅓ ला 180 रेघा, 78 ला 77. ट्यूबलाइटच्या उजेडात रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. (एलईडीखाली धड दिसत नाहीत, चोकवाली जुनी ट्यूब लागते. मी दुकानात एक त्यासाठीच ठेवलीय.) पण ट्यूब आणि मोटार दोघींना वीज एकाच तारेतून येते. ग्रीड 48.8 ला आली की मोटार हळू होते आणि उजेडही तेवढाच हळू लुकलुकतो. रेघा ठार स्थिर! चोराला विचारून चोरीचा तपास. मी वीस वर्षं लोकांचे प्लेअर याच चकतीवर लावून देत आलोय.

काकांना हे माहीत होतं. म्हणून पेटी. पेटी विजेवर चालत नाही.

भाचा गप्प होता. 22 पाकिटं.

5 जुलै, शनिवार

उद्या आषाढी, मास्तर भजनाला. दोघांतच काम. वकीलसाहेबांनी मागच्या आठवड्यापासून बाजूला ठेवलेली एलपी काढली. ट्रंपेटवाला माइल्स डेव्हिस, 'काइंड ऑफ ब्लू'. मोनो, सीएल 1355, लेबलवर सहा डोळ्यांची खूण, म्हणजे सुरुवातीच्या वर्षांतली. कव्हरवर सॅक्सोफोनवाल्या ॲडर्लीच्या आडनावातलं एक 'ई' गळलेलं. दुसऱ्या बाजूला 'फ्लेमेंको स्केचेस' आधी आणि 'ऑल ब्लूज' नंतर छापलंय. वाजतं उलट. पहिल्या छपाईतली ही प्रसिद्ध चूक. काकांनी लेबलला हात न लावता पाकिटावर बाण काढून 'नावं उलट' लिहिलंय.

वकीलसाहेबांचा हात थरथरत होता. एका बाजूला केसासारखे ओरखडे, कव्हरची कड उसवलेली, तरी त्यांनी मोबाइलवर भाव बघून मला दाखवलाच. काकूंना ऐकू गेलं. "विकायचं काय न्हाई हां त्यातलं." विषय संपला.

पण खरी गंमत पाकिटाच्या कोपऱ्यात. पहिल्या बाजूला तीन ओळी:

पां. 2, 49.3
पां. 2+, 50.0
पां. 2+, 50.0

शेवटच्या ओळीखाली दोन रेघा. दुसऱ्या बाजूला एकच, 'पां. 5, 50.0'.

सगळ्या संग्रहात अधिक चिन्ह आणि 50.0 एकत्र फक्त इथं. (आणखी चार पाकिटांवर अधिक आहे, पण तिथे आकडा 50.4 च्या वर, तेव्हा त्यांचं कोडं नाही.) ग्रीड बरोबर, मोटार बरोबर, दुसरी बाजू सुरात, आणि पहिली बाजू चढी?

12 जुलै, शनिवार

मास्तर आले, पेटी घेऊन. आमचा प्लेअर क्वार्ट्झचा, ग्रीडशी त्याचा संबंध नाही. पहिल्या बाजूचं पहिलं, 'सो व्हॉट' लावलं. मास्तरांनी ऐकत ऐकत पांढरी दोनवर सा धरला. "हा तर काफी थाट आहे हो. पांढऱ्या पट्ट्या सोडून बोट कुठं जायलाच नको." आठ मात्रांचे नव्हेत, आठ मापांचे (एक माप चार मात्रांचं) दोन टप्पे झाले की सगळा डोलारा अर्धा स्वर वर सरकतो, काळी दोनवर, पुन्हा काफीच. आठ मापं तिथं, मग खाली. मास्तरांना हे सरकणं फार आवडलं. "नाटकात पट्टी बदलली की पेटीवाल्याचे हाल व्हायचे. हे लोक मुद्दाम करतायत."

पण सूर पेटीशी जुळेना. पांढरी दोनच्या थोडं वर, काळी दोनच्या बरंच खाली. मी म्हटलं, पेटी जुनी आहे, उतरली असेल. मास्तरांना राग आला. फोनवरचा ट्यूनर लावला. पेटी खरंच किंचित उतरलेली निघाली (हे मी हळू आवाजात सांगितलं), पण ट्यूनरवरही पियानोचे सूर मधल्या रेघेच्या उजवीकडेच. रेकॉर्ड उलटवली. 'ऑल ब्लूज', पांढरी पाच, काटा मधोमध.

मास्तरांचा तर्क: "माणसं तीच, पियानो तोच. ट्रंपेटवाला ओठानं सूर चढवील, पियानोवाला कसा चढवणार? वाजवताना चूक नाही. नंतर झालीय."

वकीलसाहेबांना आठवलं. पुण्यातल्या मित्राकडच्या नंतरच्या सीडीच्या पुस्तिकेत काहीतरी होतं. फोन लावला, त्यानं वाचून दाखवलं.

दोन बैठकींत झालेलं ध्वनिमुद्रण, न्यूयॉर्कच्या 30 व्या रस्त्यावरच्या कोलंबियाच्या स्टुडिओत, 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959. पहिली बाजू म्हणजे सगळी 2 मार्चची. त्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. हळू चाललेली टेप बरोबर वेगानं वाजवली की सूर चढतो. शेजारी दुसरं मशीन बरोबर चालू होतं, पण त्याची टेप पडून राहिली. पुढची तेहेतीस वर्षं निघालेल्या आवृत्त्यांत पहिली बाजू चढीच. 1992 च्या आवृत्तीत ती दुसरी टेप वापरून दुरुस्त झाली.

मी काकांच्या पहिल्या ओळीकडे पुन्हा बघितलं. पां. 2, 49.3. अधिक नाही. त्या संध्याकाळी ग्रीड पडलेली, मोटार हळू, आणि न्यूयॉर्कच्या मशीननं चढवलेला सूर शाहूपुरीतल्या खोलीत साधारण जागेवर आला होता. ग्रीड सुधारली त्या दिवशी रेकॉर्ड बिघडली! म्हणून पुन्हा लावून बघितली असणार. म्हणून दोन रेघा.

मास्तरांनी हे मला तीनदा सांगायला लावलं.

19 जुलै, शनिवार

वाद. पहिल्या बाजूची फाइल कशी ठेवायची? मास्तर म्हणतात सूर दुरुस्त करून ठेवा, माइल्सनं जे वाजवलं ते ऐकू द्या. वकीलसाहेब म्हणतात ही रेकॉर्ड आहे, रेकॉर्डीवर जे आहे ते ठेवा, दुरुस्त केलेली तर बाजारात मिळते. मी वकीलसाहेबांच्या बाजूचा. मूळ फाइलला हात लावायचा नाही. मास्तरांसाठी एक वेगळी प्रत, 'पां. 2' नावानं. त्यांना ती लगेच पेन ड्राइव्हवर हवी होती.

खोडलेल्या पाकिटांचं काम भाच्यानं स्वतःहून अंगावर घेतलं. खोली अंधारी करून मोबाइलची टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवी धरायची. शाई असती तर गेलं होतं. पेन्सिलनं कागद दबलेला असतो, आडव्या उजेडात दाबाची सावली पडते. काका जोर देऊन लिहायचे हे बरं झालं. 'का. 4' मधला चार आधी नऊ वाटला. मग कोन बदलल्यावर वरचं तोंड उघडं दिसलं. एका पाकिटाला त्याला पंचवीस मिनिटं लागली.

तक्त्यातल्या 'किंमत' रकान्याचं नाव बदलून 'हर्ट्झ' केलं. शेजारी 'काकांची पट्टी' आणि 'आमची पट्टी' असे दोन.

26 जुलै, शनिवार

मुसळधार. भाच्याला यायला जमलं नाही. 11 एलपी उतरवल्या, विशेष काही नाही. सोनी रॉलिन्सची एक चांगली आहे, पण पहिल्याच गाण्यात सुई अडकते. तो 1978 च्या पहिल्या जॅझ यात्रेला (जॅझचा महोत्सव) मुंबईत वाजवून गेला. काका गेले होते का, असं काकूंना विचारलं. "रजा मिळाली न्हाई," म्हणाल्या.

2 ऑगस्ट, शनिवार

उतरवून झालेल्या: एलपी 188 पैकी 174, 78 सगळ्या. राहिलेल्या 14 एलपी पुरातल्या. कव्हरं सुटली की धुवायच्या. पुढच्या आठवड्यापासून दुकान भरणार, त्या आता दिवाळीत.

खोडलेल्या 22 पाकिटांपैकी 17 वाचता आली. पाचांवर टॉर्चला काहीच लागत नाही. पुरात भिजून कागद फुगला असावा किंवा भाच्यानं रबर जरा जास्तच लावलं असावं. त्याचं म्हणणं, आम्हाला पट्टी आता माहीत आहे, बाकीच्या आकड्यांवरून त्या पाचांचा अंदाज बांधून रकाना भरता येईल, तक्ता पुरा दिसेल.

नको म्हटलं. पाच चौकोन कोरे ठेवलेत, शेरा लिहिलाय: 'खोडलं, 7 जून, आम्ही.'